श्वासाऐवजी वाजलेली थाळी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची थाळी आहे. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही, तरी सांगते. पोटात ठेवून ठेवून जीव जड झाला आहे.

आष्टीच्या झुंबरबाई सुईणीच्या घरची मी. कासाराने मला इतक्या निगुतीने ठोकली होती, की नुसतं बोट लागलं तरी मी घुमायची. एरवी झुंबरबाई माझ्यात भाकरी खायची. पण कुणाकडे बाळंतपण असलं, की मला घासूनपुसून काखोटीला मारायची. जन्मलेलं मूल रडलं नाही, तर त्याच्या कानाशी थाळी बडवायची, अशी आमच्याकडची रीत. मी वाजले, की मूल दचकायचं आणि टाहो फोडायचं. मग काय, माझा तोरा विचारू नका! बायका मला हळदकुंकू लावायच्या. ती पोरं थोड्या वेळानं तशीही रडलीच असती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

१९७३ सालच्या हिवाळ्यात गावातली तुळजाबाई बाळंतपणात अडली. पहिलटकरीण, दीड दिवस कळा देत होती. मुलगा झाला तो निळा, लुळा, तोंडातून आवाज नाही. सासू द्वारकाबाई म्हणाली, थाळी वाजव. झुंबरबाईनं मला उचललं. मी वाजले, वाजले, वाजतच राहिले. कुणी त्याच्या तोंडातला चिकटा पुसला नाही, कुणी त्याच्या तोंडात फुंकर घातली नाही. गारठ्यात पोर उघडंच पडलं होतं. कितीतरी वेळानं त्यानं आचका देऊन श्वास घेतला. सगळ्या म्हणाल्या, थाळीनं पोर परत आणलं. आणि मी फुशारले, हो! आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

त्याचं नाव धर्मराज ठेवलं. वर्ष झालं तरी तो मान धरेना. दोन झाली तरी बसेना. हातपाय ताठ, बोलणं नाहीच. द्वारकाबाईनं ठरवून टाकलं, की सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ. तुळजाबाईनंही ते खरं मानलं. ती चारचौघींत जाईनाशी झाली.

पोराला चार वर्षं झाली, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात सुइणींचं शिबिर झालं. झुंबरबाई तिथून घरी आली, भाकरी वाढून घेतली आणि घास न मोडता माझ्याकडे बघत बसली. शेजारणीनं खोदून विचारलं तेव्हा बोलली. नर्सबाईनं सांगितलं होतं, की बाळानं श्वास घेतला नाही तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. म्हणून आधी तोंड-नाक पुसायचं, अंग कोरडं करून उबेत गुंडाळायचं, तोंडाला तोंड लावून हलकेच फुंकर घालायची. त्यात थाळीचं नावसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन निघाली. मला वाटलं, बाळंतपण असेल. पण ती तुळजाबाईच्या घरी गेली, मला जमिनीवर ठेवलं आणि सासूच्या देखत बोलली.

"तुळजा, गिऱ्हाणाचं काही न्हाई बाई. पोराच्या तोंडात फुंकर घालायची सोडून मी ही थाळी बडवीत बसले. चूक माझी हाय."

तुळजाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जल्दी फुंकर घातली असती, तर चालला असता का माझा धर्मा?"

"ते मला बराबर सांगता येत न्हाई. पण वेळ मी घालवला, तू न्हाई."

द्वारकाबाई उठून आत गेली. तुळजाबाईनं पोराला मांडीवर ओढलं, त्याच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसली.

"चार वर्सं ह्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत न्हाई झाली मला," ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे बघतच बसली. झुंबरबाईला तिनं माफ केलं का, ते बोलली नाही. झुंबरबाईनंही विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर त्याला आधी श्वास द्या, ऊब द्या, लगेच दवाखान्यात न्या. मला उचलू नका. मी चुलीपाशीच बरी. भाकरी वाढायला मी चांगली आहे.