गुंडावरचं नाव

शेंडेने जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीतून वायर उपटली, तिच्यावर फुंकर मारली, परत खोचली आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तीच हिरवी ओळ होती आणि ओळीपुढे तोच लुकलुकणारा ठिपका.

“पुन्हा तेच,” तो म्हणाला.

गोदावरीबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नागपूरहून आलेला हा पोरगेला इंजिनिअर सकाळपासून फुंकरच मारत होता. फुंकरीने चूल पेटते, धंदा नाही, हे त्याला एकदा सांगून झालं होतं. आता दुसऱ्यांदा सांगावं की काय, असा विचार करत त्यांनी पदर सावरला.

काम तसं साधं आहे असं सकाळी सगळेच म्हणत होते. जुना कॉम्प्युटर थकला होता. ऑफिसातून त्याच्या वायरी दुकानात आणि गोदामात गेलेल्या. तिन्ही ठिकाणच्या पडद्यांवर एकच माहिती दिसायची. ती सगळी नव्यात उतरवायची आणि वायरी नव्याला जोडायच्या, एवढंच. शेंडेने जुनं बंद केलं, नवं शेजारी मांडलं, आणि माहिती काढून घ्यायला जुनं परत चालू केलं तर ते अडून बसलं. दुकानातला पडदा काळा, गोदामातला काळा. आधी त्याला वायर तुटल्यासारखी वाटली, ती बदलली. मग झाकण उघडून आतली धूळ काढली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की काही बिघडलेलंच नाही. कॉम्प्युटर खूणशब्द मागत होता.

“शब्द कोणी ठेवला होता?” शेंडेने विचारलं.

सेवकरामने आईकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. शब्द त्याच्या बायकोने, चंद्रकलाने ठेवला होता. नागपूरला कोर्स करून हे यंत्र तिनेच घरात आणवलं, तीच ते चालवायची. होळीनंतर ती कोंढ्याला माहेरी गेली ती आलीच नव्हती. ती गेल्यापासून भीतीने कोणी कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. वीज गेली तरी तो बॅटरीवर तगून होता. आज पहिल्यांदाच बंद झाला आणि धनीण कुठे आहे म्हणून विचारू लागला.

अक्षय तृतीया परवावर आली होती. भंडाऱ्याच्या पितळेशिवाय या भागातलं लग्न लागत नाही, आणि गोदावरीबाईंच्या दुकानातून भांडं निघतं ते नाव कोरूनच. कोणत्या परातीवर कोणत्या नवरीचं नाव, कोणत्या घंगाळावर कोणत्या मामाचं, हे सारं त्या डबड्याच्या पोटात होतं. उद्या सकाळी कारध्यापासून पवनीपर्यंतची माणसं बैलगाड्या घेऊन दारात उभी राहणार. मागच्या खोलीत टिकाराम आणि त्याचे दोन कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन सकाळपासून रिकामे बसले होते. एकीच्या आंदणावर दुसरीचं नाव गेलं, तर सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या दुकानाची अब्रू भर मांडवात निघाली असती.

“शब्दाशिवाय नाही खुलत का?” सेवकरामने विचारलं.

“खुलेल. पण नागपूरला न्यावं लागेल. तीन-चार दिवस जातील.”

“मग मी कोंढ्याले जाऊन येतो. गाडीनं दोन घंट्यात...”

“खबरदार,” गोदावरीबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल. तिच्या बापाच्या दारात उभा राहून एक शब्द दे वो माय म्हणशील काय?”

सेवकराम बसला. भांडण झालं ते काही मोठं नव्हतं. गोदामातल्या माणसांसमोर चंद्रकलाने सासूची एक चूक दाखवली, आणि सासूने तिला सुनावलं की डबड्यापुढे बसून कोणी मालकीण होत नाही. या घरात तुझं आहे काय, नावसुद्धा आम्ही दिलेलं.  दुसऱ्या दिवशी चंद्रकला भावाच्या पोराचं जावळ आहे म्हणाली आणि गेली.

शेंडेने खुर्ची पुढे ओढली. माणूस सहसा जवळचं नाव ठेवतो, असं त्याचं म्हणणं पडलं. कधी न विसरणारं, आणि दुसऱ्याला न सुचणारं.

सेवकरामने आधी स्वतःचंच नाव सांगितलं. कॉम्प्युटरने ते नाकारलं तेव्हा त्याचा चेहरा थोडा उतरला. मग बायकोचं, मग पोराचं सांगितलं, मग त्याच्या घरातल्या हाकेचं, मग कुलदैवताचं. कोंढा घालून पाहिलं. शेवटी चाचरत त्याने आईचं नाव घालायला लावलं, तेव्हा टिकाराम दारात येऊन उभा होता, त्याला हसू आवरेना.

“हासतो काहून रे?” गोदावरीबाई म्हणाल्या. “मायं नाव ठेवाले ती का येडी आहे?”

खुर्चीशेजारी तिवईवर पाण्याचा पितळी गुंड होता. तो चंद्रकलाच्या आंदणातला. गोदावरीबाईंनी पाणी घ्यायला हात पुढे केला, पण पेला घेतला नाही. त्यांचा अंगठा गुंडाच्या काठाखाली फिरत राहिला. तिथे बोटभर जागा गुळगुळीत होती. बाकी गुंडावर ठोक्यांची नक्षी, आणि तेवढ्याच जागेवर काही नाही. पलीकडच्या बाजूला चंद्रकला असं कोरलेलं होतं, ते टिकारामच्या हातचं.

गोदावरीबाई दुसरीपर्यंतच शिकलेल्या, पण कोरलेलं अक्षर त्यांना बोटाने वाचता यायचं. त्या गुळगुळीत जागेवर आधी काय होतं ते त्यांच्या बोटाला पाठ होतं. लग्नानंतर पाचव्या दिवशी सुनेचं सगळं आंदण त्यांनी दुकानात आणवलं होतं आणि टिकारामपुढे मांडलं होतं. खेड्यातलं नाव माझ्या घरात नको, कानशीनं घास. तो एकेक भांडं घासत होता आणि नवी नवरी दारात उभी राहून पाहत होती, हातात चहाची कपबशी घेऊन. आपण तिला तेव्हा म्हणालो होतो, पाहते काय, चहा थंडा होऊन राहिला.

“एक अजून पाहतो,” शेंडे म्हणाला. “नाही तर गाडीत टाकतो.”

टिकाराम आता हसत नव्हता. तो गुंडावरच्या त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होता. त्याने मालकिणीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

“देवका,” गोदावरीबाई म्हणाल्या.

शेंडेने मान वळवली.

“देवका घाल.”

“कोण देवका?” सेवकरामने विचारलं.

“तुही बायको.”

 शेंडेने अक्षरं दाबली. ठिपका थांबला, मग पडदा भरभर ओळींनी भरू लागला. गावं, तारखा, नवरींची नावं. दुकानातून पोरगा ओरडला की इथं दिसून राहिलं. गोदामातूनही कोणी ओरडलं. टिकाराम लगबगीने आत गेला, आणि थोड्याच वेळात मागच्या खोलीतून छिन्नीवर हातोडीचे ठोके पडू लागले.

नव्या यंत्रात सगळं उतरल्यावर शेंडेने विचारलं की आता शब्द कोणता ठेवायचा, दुकानाचं नाव सोयीचं पडेल.

“आहे तोच ठेव.”

गोदावरीबाईंनी गुंडातलं पाणी बाहेर तुळशीला ओतलं, पदराने गुंड कोरडा केला आणि टिकारामपुढे नेऊन ठेवला. त्याने कोरलेलं चंद्रकला हे नावही घासून काढायला सांगितलं. त्याने कानस घेतली.

त्या चपला घालू लागल्या तसा सेवकराम मागे आला. मोटारसायकलवर कोंढ्याला सोडून देतो म्हणाला.

“तू इथंच बस. तुले तं तिचं नावही याद नाही.”

पवनीच्या एस.टी.त गर्दी होती. मांडीवर गुंड घेऊन त्या खिडकीशी बसल्या. लग्नाची खरेदी करून निघालेल्या शेजारच्या बाईने गुंड न्याहाळला, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, आणि मग फिरवून फिरवून सगळीकडून पाहिला.

“चांगला ठोक्याचा गुंड आहे. पण याच्यावर नाव कसं नाही वो बाई? भंडाऱ्याहून बिननावाचा कोण नेते?”

गोदावरीबाईंनी गुंड तिच्या हातातून परत घेतला.

“घालाचं आहे,” त्या म्हणाल्या. “जिचा आहे, तिले विचारून.”