गंजावर चढवलेला लाल रंग

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, दोन दारांची विलायती मोटार आहे. मला पहिल्यांदा पाहणारे लोक हसतात. हसू द्या. त्यांतले निम्मे लांबलचक गाडीच्या गादीवर पेंगतात आणि त्यालाच प्रवास म्हणतात. माझा जन्म १९६५ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. अंग लहान, पण इंजिन शर्यतीचे. त्याला पेट्रोल पाजायला एकाऐवजी दोन कार्बोरेटर. कितीही वेगात असले तरी वळणावर मी रस्ता सोडत नसे.

मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून मला हिंगणघाटच्या अण्णाजींनी घेतले. ते कापसाच्या जिनिंग कारखान्यात इंजिनियर होते. रविवारी धाकट्या मुलीला, मंदाला, शेजारी बसवून ते मला केळझरच्या रस्त्याला काढायचे. गणपतीचे दर्शन हे निमित्त. खरी ओढ वाटेतल्या वळणांची. माझा आवाज जरा बदलला की ते मुलीला विचारायचे, "काय दुखून राह्यलं हिचं, सांग बरं." आणि ती सांगायची. थोरला मुलगा वासुदेव मात्र कधी आला नाही. एवढ्याशा गाडीत बसायची त्याला लाज वाटे.

१९७४ साली अण्णाजी गेले आणि मी वासुदेवरावांच्या ताब्यात आले. हे 'राव' त्यांनी स्वतःच लावून घेतले होते. त्यांनी मला सरकीच्या गोदामात ढकलले. माझ्या टपावर पोती रचली. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या निदान काहीतरी देत होत्या. छप्पर गळायचे, आणि माझा तळ गंजून चाळणी होत गेला.

मग १९८१ साली वासुदेवराव सहकारी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले. मिरवणुकीत सगळ्यांच्या जीपगाड्या; आपले काहीतरी वेगळे हवे म्हणून त्यांना माझी आठवण झाली. गंजावर भोके बुजवायची लांबी फासली, लांबीवर भडक लाल रंग चढवला. एक कार्बोरेटर काढून फेकून दिला. का, तर "दोन कायले पाहिजेत? एकानं भागते." वर ट्रकचा भोंगा बसवला. याला ते 'जीर्णोद्धार' म्हणत होते. शब्द तेवढा मोठा वापरला!

मंदाबाई तोवर शाळेत विज्ञान शिकवू लागल्या होत्या. त्या आल्या, पदर खोचून माझ्याखाली वाकल्या.

"दादा, ब्रेकच्या नळ्या सडल्या. तेल गळून राह्यलं. अशी रस्त्यावर नको काढू."

"मिरवणुकीत गाडी पळते कितीक? बैलगाडीएवढी! तू पोरांले शिकव, मले नको शिकवू."

मिरवणूक निघाली, आणि नदीकडच्या उतारावर वासुदेवरावांनी ब्रेक दाबला. पेडल तळापर्यंत गेले आणि मी थांबले नाही. माणसे बाजूला पळाली. रामाजी आपल्या पानठेल्यापुढे उभे होते. त्यांना हलायला जागाच नव्हती. माझ्या पुढच्या पत्र्यात आणि ठेल्यात त्यांचा पाय सापडला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून गेला. तो मी विसरलेले नाही. वासुदेवराव उतरले, गळ्यातला हार नीट केला आणि म्हणाले, "गाडीच पनवती आहे!" मग कोणाच्या तरी स्कूटरवर बसून निघून गेले. रामाजींना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले ते मंदाबाईंनी.

मला भंगारात काढायचे ठरले. मंदाबाई म्हणाल्या, "मले दे."

"घेऊन जा. तुह्या घरी मूर्खपणाले जागा आहे."

त्या आधी रामाजींकडे गेल्या. त्यांचा पाय जुळला होता, पण लंगडा. "रामाजी, ती गाडी मी दुरुस्त करून राह्यली. तुमाले राग येईन."

"गाडीचा काऊन येईन, ताई? ज्याचा येते, तो पाहालेबी नाई आला."

मग शाळा सुटली की मंदाबाई माझ्याजवळ. त्यांनी तो लाल रंग खरवडला, लांबी उकरली, सडलेला तळ कापून नवा पत्रा जोडून घेतला. इंजिन उतरवून एकेक भाग रॉकेलने धुतला. दुसरा कार्बोरेटर मुंबईच्या जुन्या बाजारात सापडला. ब्रेकच्या नळ्या नागपूरहून बनवून आणल्या. एक झिरपली म्हणून सगळ्या पुन्हा बनवल्या. शेजारीपाजारी म्हणत, "रंग केव्हा देता, बाई?" ज्यांना फक्त रंग कळतो, त्यांना दुसरे काय सुचणार? दोन वर्षे गेली. सगळे झाल्यावर मला माझा मूळचा हिरवा रंग मिळाला.

मंदाबाईंनी मला त्याच उतारावर नेले. वेग दिला, ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी रामाजींना शेजारच्या सीटवर बसवले. गर्दी जमली, आणि गर्दी जमली म्हणून वासुदेवरावही आले, इस्त्रीच्या कपड्यांत.

"शेवटी आपल्या घराण्याची गाडी! सरका रामाजी, मी बसतो."

रामाजी उठू लागले. मंदाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बसा. दादा, आधी यांची माफी मांग. मंग मागं बसजो."

वासुदेवरावांनी लोकांकडे पाहिले, हसायचा प्रयत्न केला. ते वळले आणि चढ चढू लागले. आम्ही त्यांच्या बाजूने वर गेलो. ते धापा टाकत होते.

मित्रांनो, जुन्या गाडीला रंग सगळ्यात शेवटी देतात. आधी तिच्याखाली आडवे व्हावे लागते, अंगाला तेल लागते, नखांत गंज शिरतो. ज्याला याची लाज वाटते, त्याने तिच्यात बसून लोकांकडे हात हलवू नये.