झेंड्यावरचं चाक

पंधरा ऑगस्टला कागदाचा झेंडा घरूनच करून आणा, असं गुरुजींनी बजावलं होतं. कुंताची आई गोकुळा हिनं हळदीत चुना कालवून केशरी पट्टा रंगवला आणि वालाचा पाला चोळून हिरवा. मधलं निळं चाक मात्र जमेना. काडीनं काढलं की नुसता डाग पडायचा.

शेवटी वैतागून तिनं तळ्यातल्या कमळाचा देठ आडवा कापला, निळीत बुडवला आणि रद्दी कागदावर दाबला. भोकाभोकांचं गोल चाक उमटलं! मग कुंता कुठली थांबते? तिनं भेंडी कापून पाहिली, दोडका कापून पाहिला.

“माय, आणखी कशाकशात चाक असते व?”

“आता का मलेच कापशीन, पोट्टे?” गोकुळा करवादली.

कुंतानं तिचा निळीनं माखलेला अंगठाच धरला. सहीच्या जागी लावावा लागतो म्हणून माय तो चारचौघांत मुठीत लपवायची. कुंतानं तो कागदावर दाबला. रेघेत रेघ, गोलात गोल.

“माय, तुह्या अंगठ्यात बी चाक हाये!”

गोकुळानं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मग तिनं देठ बाजूला सारला, अंगठा पुन्हा निळीत बुडवला आणि झेंडा पुढ्यात ओढला.