कशाबद्दल?

थोरला चष्म्याच्या काचा घासायचा म्हणून तो काचवाला, आणि धाकटा त्या फ्रेममध्ये बसवून काड्या जुळवायचा म्हणून काडीवाला. दुकान एकच, मधे लाकडी पार्टिशन आणि त्याला हातभर खिडकी. तीन महिने झाले, दोघा भावांचं बोलणं बंद होतं. काम मात्र चालू होतं. घासलेल्या काचा ट्रेमध्ये, सोबत चिठ्ठी, आणि ट्रे खिडकीतून पलीकडे. ‘डावी जाड आहे, बघून.’ ‘बघितली.’ एवढंच काय ते नातं उरलं होतं.

आणि एका शनिवारी पलीकडून आलेल्या ट्रेमध्ये चष्मा नव्हताच. नुसती चिठ्ठी होती. ‘एक तारखेपासून दुसऱ्या दुकानात लागतोय.’

काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. एक तारीख पुढल्या सोमवारी, म्हणजे आठच दिवस हातात. तीस वर्षं ज्याच्या खोकण्यावरून सकाळ झाल्याचं कळायचं, तो भाऊ निघून जाणार होता. त्याला थांबवायचं होतं, पण विनवणी करायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

तेवढ्यात रविवार आला. उपासनेनंतर पाळकसाहेब प्रत्येकाच्या हातात एक वचन लिहिलेली चिठ्ठी ठेवायचे आणि म्हणायचे, “पाठ करायचं नाही, आठवडाभर करून दाखवायचं.” त्यांचं अक्षर मुंगीएवढं. काचवाल्याने चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली. अर्पण आणताना भावाविषयीचं काही आठवलं तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी जाऊन समेट करायचा, असं काहीसं होतं. दर रविवारी बाकांमधून अर्पणाची थाळी फिरवणारा तोच. त्याला वाटलं, देवाने आपल्यालाच नेमकं गाठलं. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर सोडून दे. सोडून द्यायला काय कमी होतं? भाऊ रुसून बसला, चर्चला यायचा थांबला आणि आता वर दुकान सोडून निघाला!

सोमवारी त्याने मन मोठं केलं. ट्रेमध्ये चिठ्ठी ठेवली, ‘मी तुला माफ केलं आहे.’

ट्रे लगेच परत आला. ‘कशाबद्दल?’

काचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफ केलं तर केलं, त्याची पावती कसली मागतो! दोन दिवस त्याने राग गिळला आणि बुधवारी वचनाला जागून स्वतः पार्टिशनपलीकडे गेला.

“तोंडावर सांगायला आलोय. मी तुला माफ केलंय.”

“कशाबद्दल, दादा?”

मग त्याने सगळं बोलून दाखवलं. अबोला, चर्च, नवी नोकरी. काहीच सोडलं नाही. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“झालं? मग जा आता. मला ही फ्रेम संपवायची आहे.”

शनिवारपर्यंत काचवाला घरात भांडी आपटत होता. “वचनं पाळून काय मिळतं? माफ करावं तर हा शेफारतोय!”

बायकोने हात पुढे केला. “ती चिठ्ठी आणा इकडे.” तिने स्वतःचा लाल फ्रेमचा चष्मा चढवला, वाचली आणि कपाळाला हात लावला. “अहो, साऱ्या जगाला चष्मे करून देता, स्वतःला एक केलात तर झिजाल का? ‘त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध’ असं लिहिलंय. तुमच्या मनातलं कुणी विचारलंय इथे?”

त्याने तिचा चष्मा ओढून घेतला आणि तीनदा वाचलं. ‘त्याच्या’च होतं.

“पण त्याच्या मनात काय असणार? मी काय केलंय त्याला?”

“ते मला नका विचारू,” असं म्हणून ती कणीक मळायला गेली.

रविवारी गाणं सुरू झालं तशी काचवाल्याने थाळी उचलली. दोन बाकं फिरवून झाली आणि पाय पुढे पडेना. थाळी तशीच वेदीपाशी ठेवून तो भर उपासनेत मधल्या वाटेने बाहेर पडला. पाळकसाहेब गाणं विसरून बघत राहिले. लोकांना वाटलं, ह्याचं पोट बिघडलं.

दुकान अर्धं उघडं होतं. भाऊ चर्चमध्ये असतो ती वेळ साधून धाकटा आपली हत्यारं कापडात गुंडाळत होता. थोरल्याच्या नाकावर वहिनीचा लाल चष्मा बघून तो क्षणभर थांबला.

“तुझ्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे?” काचवाल्याला धाप लागली होती.

हातातली पक्कड आधी कापडात गेली. मग धाकटा म्हणाला, “तीन महिन्यांपूर्वी मास्तरीणबाई चष्म्याला आल्या, त्यांना काय सांगितलंस तू? ‘त्याचा हात थरथरतो हल्ली, तुमचा चष्मा मी स्वतः बसवतो.’ मी पार्टिशनच्या पलीकडेच होतो. आणि तासाभराने तोच चष्मा ट्रेमध्ये घालून माझ्याकडेच पाठवलास.”

काचवाल्याच्या ओठावर आलं, अरे, पण हात थरथरतोच की! खरंच होतं ते, म्हणून तर जास्त चीड आली. त्याने ते कसंबसं गिळलं.

“माफ कर.”

“कशाबद्दल?”

“तुझ्या हाताबद्दल तुझ्याशी बोलायला हवं होतं. गिऱ्हाइकाशी बोललो.”

धाकट्याने मान हलवली. बस्स. हत्यारं गुंडाळणं काही थांबलं नाही.

“मग आता थांबशील ना?”

“नाही. शब्द दिलाय तिथे. उद्यापासून जातोय.”

“अरे, मग ह्या वचनाचा उपयोग काय?” काचवाला ओरडलाच. “थाळी टाकून आलो मी तिथे! सगळं केलं सांगितलेलं!”

“मी थांबेन असं लिहिलंय का त्यात? नीट वाच, आता चष्मा आहे.”

 काचवाला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसला. त्याला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

धाकट्याने गुंडाळी पुन्हा उलगडली. छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मोडकी फ्रेम त्याच्यासमोर ठेवली. “उद्यापासून हे तुलाच करायचंय. बसव बघू.”

तिळाएवढा स्क्रू. काचवाल्याने दात आवळले आणि टोक भोकाशी नेलं. स्क्रू पडला. पुन्हा नेलं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. ती थरथरत होती.

धाकटा हसला नाही. त्याने आपला थरथरता हात भावाच्या मनगटाखाली टेकवला.

“श्वास रोखू नकोस, दादा. मी रोखायचो. त्याने हात जास्त हलतो.”