जावईबापूंची तपासणी

माईंच्या मत्स्यबीज केंद्रातल्या एका नर माशाला सारे जण 'जावईबापू' म्हणत. हे नाव धाकट्या सुनेने ठेवले होते, आणि त्याचे कारण त्या माशाकडे एकदा पाहिले की निराळे सांगावे लागत नसे. परातीसारखे रुंद अंग, सोनेरी खवले, भरल्या पोटाची संथ चाल, आणि दाणे पडताच इतरांनी आपण होऊन बाजूला सरावे अशी अपेक्षा. बोटाएवढा होता तेव्हापासून माईंनी त्याला स्वतःच्या हाताने वाढवले होते. त्यांची चाहूल लागली की तो टाकीच्या काठाशी येऊन तोंड वर करी. आणि सारे घर धाकात ठेवणाऱ्या माई, आसपास कोणी नाही असे पाहून, त्याच्याशी दोन शब्द बोलत.

असा हा मासा आज बाजारात जायचा होता, आणि हुकूम खुद्द माईंचाच होता.

इतकी वर्षे माई नराचे वीर्य बोटावर घेऊन पारखीत आल्या होत्या. सायीसारखे दाट आणि पांढरेशुभ्र असले तर उत्तम, पाणचट असले तर टाकाऊ. यंदा धाकटीने केंद्रात सूक्ष्मदर्शक आणला.

"दाटपणा बोटाला कळतो, आई. पण आतले शुक्राणू पोहतात की नाही, ते कसं कळणार?"

माईंना हे पटले नाही असे नाही. मात्र पटले असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सर्वांसमक्ष जाहीर केले, "प्रत्येक नर तपासला जाईल. ज्याचे शुक्राणू हलणार नाहीत, त्याला इथे फुकट पोसणार नाही. या केंद्रात कोणाचेही लाड चालत नाहीत."

थोरला मुलगा टाकीकडे पाहून उगाच खोकला.

"आणि जावईबापूंची तपासणी मी स्वतः करीन," माई म्हणाल्या. "डोळेझाक झाली असं मागून कोणी म्हणायला नको."

बाकीचे नर धाकटीने तपासले. सारे उत्तम निघाले. जावईबापूंचे वीर्य माईंनी दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा काचेखाली दिसले ते निपचित ठिपके. त्या रात्री माई जेवल्या नाहीत. पण शब्द दिला होता, आणि माईंचा शब्द माईंनाही मोडता येत नसे. आज शेवटची तपासणी होती. मासळीवाला टब घेऊन दाराशी येऊन बसला होता.

थोरल्याने जावईबापूंना ओल्या टॉवेलात गुंडाळून डोळे झाकले, पोट कोरडे पुसले आणि हलक्या हाताने दाबले. दुधासारखी धार सिरिंजमध्ये आली. जावईबापू टाकीत परतले. थोरल्याने काचपट्टीवर वीर्याचा कण ठेवला, वर पाण्याचा थेंब सोडला, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, खुर्ची पुढे ओढली आणि मग अदबीने हाक मारली, "आई, सगळं तयार आहे. ये."

माई बसण्याआधी सारे सिद्ध असले पाहिजे, हा त्या घरचा शिरस्ता होता. मग ते जेवणाचे ताट असो की काचपट्टी. माईंनी काठी हातात घेतली, शाल सावरली आणि चष्मा पुसायला घेतला.

मागच्या दोन्ही वेळी अंड्यांच्या ट्रेपाशी गुंतलेली धाकटी आज प्रथमच इथे हजर होती. तिचे डोळे विस्फारले.

"दादा, पाणी आत्ताच घातलंत?"

"मग काय आई बसल्यावर घालू? तिला ताटकळत ठेवू?"

पुढे धाकटीने जे केले ते त्या घरात आजवर कोणी केले नव्हते. माईंच्या आधी तिने भिंगाला डोळा लावला.

"पळतायत! आई, धावत या, पळतायत!"

माई धावल्या नाहीत. पण काठी नेहमीपेक्षा भरभर वाजली. त्या बसल्या आणि त्यांनी वाकून पाहिले. निपचित ठिपके.

"कुठे पळतायत?"

"थांबले आता."

"मला पाहून?"

"त्यात नवल काय?" थोरला पुटपुटला. "या घरात सगळेच थांबतात तुला पाहून."

धाकटीने हसू कसेबसे गिळले. "आई, नराच्या पोटात ते स्वस्थ पडून असतात. पाणी लागलं की जागे होऊन सुसाट सुटतात, आणि मिनिटभरात दमून थांबतात. तेवढ्यात अंडं गाठलं तर गाठलं. मी भिंगाला डोळा लावूनच पाणी सोडते. तुमच्यासाठी मात्र दरवेळी आधीच…"

"मी चष्मा पुसेपर्यंत दम धरायला काय झालं होतं त्यांना?"

"त्यांना कुठे माहीत, तुम्ही कोण ते!"

मासळीवाल्याने आपली नजर टबात बुडवली.

"बरं," माई सावकाश म्हणाल्या. "मग आता?"

"तुम्ही डोळा लावून बसा. मी नवी पट्टी ठेवते, आणि मग पाणी."

"म्हणजे मी ताटकळायचं? एका माशासाठी?"

"जावईबापूंसाठी."

माई बसल्या. कोरडी पट्टी आली, भिंग जुळले. ठिपके तसेच निश्चल होते. कोणाचीही वाट पाहण्याची सवय नसलेल्या माईंनी काठीची मूठ घट्ट धरली आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. धाकटीने थेंब सोडला.

सारी काच थरारून उठली. शाळा सुटावी तशी ती अगणित चिमुकली गर्दी वाट फुटेल तिकडे धावत सुटली.

"अगं, केवढी ही धांदल!" माई म्हणाल्या, आणि गर्दी ओसरून पुन्हा ठिपके होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मान वर केली तेव्हा त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. भिंगाच्या उजेडाने पाणी येते, असे त्यांनी बजावून सांगितले.

"माई, मग टब रिकामाच नेऊ?" मासळीवाल्याने विचारले.

"रिकामा कशाला? आमच्या थोरल्याला ने."

मग काठी आपटून त्यांनी नवा हुकूम काढला, "यापुढे मी आधी बसेन, मगच पाणी पडेल. काम असंच करायचं असतं. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

"चुकलंच आमचं, आई," धाकटी गंभीरपणे म्हणाली.

सारे पांगल्यावर माई टाकीपाशी गेल्या. मागेपुढे पाहून त्यांनी मूठभर दाणे टाकले. जावईबापू ऐटीत वर आले.

"मला बसवून ठेवलंस ना, लबाडा!" माई कुजबुजल्या, आणि आणखी एक मूठ टाकली.