मुळापासून बोटभर दूर

मी जस्ताचा एक कण बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, दिसायचो नाही. बेकरीच्या मागच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याजवळ, वीतभर खाली माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कधीचा ते मलाही ठाऊक नाही. कुठल्याशा डोंगरात दगडाच्या पोटी झोपलो होतो. दगड झिजला, पाण्याबरोबर घरंगळत आलो आणि या मातीत विसावलो. इथे छान पेंग येते. वर कुणी पाणी घातलं की ते झिरपत येताना ऐकू येतं. गांडूळ अंगावरून गेलं की गुदगुल्या होतात.

माझं काम चिमूटभरच, पण माझ्यावाचून अडतं. कोंबाला उंच व्हायला आणि पानाला रुंद व्हायला मी लागतो. मी मुळाला मिळालो नाही, तर नवी पानं नखाएवढीच राहतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा.

हे झाड बेकरीवाल्याच्या बायकोने लावलं. वर्षातून एकदा ती भट्टीतली मूठभर राख बुंध्याशी टाकायची. ती गेली आणि झाड त्याच्या पदरात पडलं. बिचाऱ्याला एवढंच आठवत होतं, की ती राख टाकायची. किती नि कधी, ते त्याने पाहिलंच नव्हतं; तो आपला पाव भाजण्यात दंग. मग तो रोज पहाटे डबाभर राख आणून ओतू लागला. "घे गं, पोटभर खा," असं झाडाला म्हणायचा.

राख मुरत गेली, मातीतला आंबूसपणा गेला आणि मी जागच्या जागी थिजलो. पाण्यात विरघळल्याशिवाय मला हलता येत नाही. मूळ माझ्यापासून बोटभर दूर चाचपडत होतं. तीन वर्षं ते माझ्या डोळ्यांदेखत उपाशी राहिलं. फार वाईट वाटायचं हो.

एके दिवशी बेकरीवाल्याची लेक म्हणाली, "बाबा, तीन वर्षांत एक लिंबू नाही. सोमवारी गवंडी येतोय. झाड काढू आणि फरशी घालून घेऊ."

संध्याकाळी तो मात्र एक डहाळी घेऊन रोपवाटिकेत गेला आणि तिथल्या मावशींनाच घेऊन आला. मावशींनी पान उजेडात धरलं, माती उकरली.

"एवढी राख कोण टाकतं?"

"मी. रोज, न चुकता."

"अहो, मातीत जस्त असलं तरी राखेने ते अडवून धरलंय. ताट वाढलेलं आणि हात बांधलेले, अशी गत झालीय याची."

त्याने बुंध्याशी साचलेली राख हाताने बाजूला सारली. "म्हणजे तिचं झाड मीच मारत होतो?"

"मारत नव्हतात, लाड करत होतात. जरा अतीच झाले."

दारातून ऐकणारी लेक फोन घेऊन आली. मग म्हणाली, "गवंड्याला नको म्हणून कळवते, बाबा."

मावशींनी जस्ताचं औषध पाण्यात कालवून पानांवर फवारलं. ते माझेच भाऊबंद, थेट पानांत शिरले. इतकी वर्षं उशाशी मी आणि मान त्यांना! हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण काही आठवड्यांनी अंगठ्याहून रुंद, हिरवंगार पान फुटलं, तेव्हा मीही हरखलो.

आता राख बंद आहे. बुंध्याशी कुजलेला पालापाचोळा येतो आणि माती हळूहळू पूर्वीसारखी होतेय. बेकरीवाला पहाटे अजून येतो, पण रिकाम्या हाताने. काय करावं सुचत नाही, म्हणून बसतो आणि एकेक पान उलटून बघतो. "काय हवंय गं तुला?" असं विचारतो. बायकोला हे कधी विचारलं नव्हतं, असं परवा तोच पुटपुटला.

तुमच्याही अंगणात कुणी मुकं उभं असेल. त्याच्या पुढ्यात काही वाढण्याआधी त्याला जरा निरखून बघा, एवढंच मागणं.

आज माझ्याभोवतीचं पाणी मला अलगद सोडवतंय. मुळाचं टोक अंगाला लागलंय. वर तो पुन्हा तेच विचारतोय आणि झाडाला तर तोंड नाही. म्हणून मीच वर निघालोय.