पोरीपुरती जागा

झाकण पितळेचं होतं, कडेला चेपलेलं, आणि त्याचा डबा कोणता हे बळीरामला आठवत नव्हतं. पण डबा असणार, जगात कुठंतरी उघडा पडलेला असणार, आणि आज हे झाकण टाकलं की उद्या तो हटकून सापडणार, असा त्याचा अनुभव होता... अनुभव कसला, असं एकदाही झालं नव्हतं. तरी त्यानं झाकण धोतराला पुसलं आणि खाली ठेवायला हात लांब केला, तर खाली जागाच नव्हती.

वाडीतल्या त्या मागच्या खोलीत सुतळीचे गुंडे होते, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या होत्या, तळ गेलेली पोती, किल्ल्या हरवलेली कुलुपं, कुलुपं हरवलेल्या किल्ल्या, आणि जी सायकल त्याच्याकडे कधीच नव्हती तिचा हँडल. ट्रकांच्या गोदामात लोकांनी जे जे पायानं बाजूला सारलं, ते ते गोदामाच्या राखणदारानं, म्हणजे बळीराम मेश्रामनं, हातानं उचललं आणि घरी आणलं. संध्याकाळी त्याची इंदू भिवापूरहून यायची होती, पहिल्या बाळंतपणाला, आणि तिची खाट याच खोलीत पडायची होती. बायजानं, त्याच्या बायकोनं, सकाळीच सांगून टाकलं होतं — आवाज न चढवता, म्हणून जास्त खरं — की दिवेलागणीपर्यंत खाट बसली नाही तर पोरीला ती जावयासोबत आल्या पावली परत पाठवील. बाळंतपण सासरी होऊ दे. लोकांनी विचारलं तर कारणही सांगीन.

कारण... आणि नेमका तेव्हाच शेजारच्या भैयाजींच्या रेडिओवर कुणी डॉक्टर बोलत होता, तूप लावल्यासारख्या आवाजात. मंत्रचळ नावाचा मनाचा एक आजार असतो म्हणे. श्रोत्यांनी स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यावी, उत्तरं मनातल्या मनात द्यावी. बळीरामला हे आवडलं. मास्तर भिंतीच्या पलीकडे आहे अशी परीक्षा त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

बाहेर पडल्यावर, कुलूप लागलं की नाही हे पाहायला आपण पुन्हा पुन्हा परत येता का?

नाही, तो पटकन म्हणाला, आणि मनातल्या मनातच बायजा फिसकन हसली. बरं, येतो. कडुलिंबापासून परत येतो, कुलपाला लोंबकळून पाहतो, पुन्हा कडुलिंब गाठतो, आणि तिथं वाटतं — ओढलं, की ओढल्यासारखं वाटलं? पण डॉक्टरसाहेब, गोदामाच्या कुलपाला मी हेच करतो तेव्हा शेठ चार माणसांत म्हणतो, बळीरामसारखा इमानदार गडी नाही. शेठच्या मालासाठी जीव टाकला की इमान, स्वतःच्या दोन भगुण्यांसाठी टाकला की आजार — ही कुठली डॉक्टरी?

हात स्वच्छ असूनही ते वारंवार धुता का?

इथं मात्र तो मोठ्यानं हसला. खाप्याला, गावी, त्याची आई सरपणाची मोळी विकायची, आणि एक सोवळी बाई — नाव घेऊन सांगितलं असतं, त्याला भय कुणाचं नव्हतं, पण बाईसाहेब यापलीकडे नाव कळूच दिलं नव्हतं — ती बाई त्या मोळीवर आधी बादलीभर पाणी ओतायची आणि मगच शिवायची. ओल्या लाकडानं चूल पेटायची नाही. घरभर धूर, बाईचे डोळे लाल, नवरा उपाशी कचेरीत. दुसऱ्या दिवशी शिव्या आईला, की तुझी लाकडंच खोटी! आई हे सांगताना पोट धरून हसायची. पिढ्यान् पिढ्या अख्खं गाव हात धूत होतं, डॉक्टर, तेव्हा कुणी रेडिओवर आलं नाही. एकट्याला झाला तर आजार, गावाला झाला तर धर्म.

आता तो रंगात आला होता. येऊ दे पुढचा.

निरुपयोगी वस्तू टाकून देताना जीव कासावीस होतो का? त्यांच्यामुळे घरातल्या माणसांना जागा उरत नाही, असं झालं आहे का?

पहिल्या अर्ध्याला उत्तर तयार होतं. निरुपयोगी कोण ठरवणार? आम्हालाही ठरवलंच होतं की... भाषण चांगलं सजलं होतं, टाळ्यांच्या जागासुद्धा होत्या. पण दुसरा अर्धा मध्येच येऊन बसला. त्यात शेठ नव्हता, बाईसाहेब नव्हती, गाव नव्हतं, नुसती घरातली माणसं होती. बायजा, जी चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन निजते. आणि इंदू, जिनं सातवीचा सगळा अभ्यास भैयाजींच्या ओसरीवर केला, आणि बापानं विचारलं तेव्हा म्हणाली, तिथं उजेड चांगला पडते. उजेड... तो इतकी वर्षं त्या उजेडावर विश्वास ठेवून होता.

हो, तो म्हणाला. झालं आहे.

किती ‘हो’ आले म्हणजे काय समजायचं, ते डॉक्टर सांगणारच होता, तेवढ्यात भैयाजींनी रेडिओ बंद केला आणि दारात नत्थू कबाडी हातगाडी घेऊन उभा राहिला. बायजानं धाडला होता. त्यानं आधी हँडलच उचलला.

"हे चालते का भाऊ?"

"सायकल भेटली तं चालते."

"अन् सायकल कवा भेटते?"

"तू हँडल नेल्यावर. दुसऱ्या दिवशी."

"घेऊन जा गा तू," बायजा म्हणाली. "यांच्या तोंडाकडे नको पाहू."

पोती गेली, कुलुपं गेली. एकेक वस्तू उंबरा ओलांडायची आणि बळीरामच्या छातीत कुणीतरी दार आपटायचं. सुतळीच्या गुंड्यांपाशी मात्र तो आडवा आला.

"हे राहू दे."

"काहून?"

"पाळणा बांधाले लागंन."

बायजा त्या ढिगाकडे बघत राहिली. "एवढी? साऱ्या वाडीची लेकरं टांगता का?"

नत्थू हसला, आणि बळीरामलाही हसू आवरेना. हसता हसता एक गुंडा राहिला, बाकीचे गेले. पण गाडी वळली तशी त्यातली एक फळी त्याच्या हातात होती. कधी धरली, कशी धरली — नत्थू पुढे ओढत होता आणि हात सोडत नव्हता.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बापानं, धोंडबानं, घरातले सगळे देव टोपल्यात भरून कन्हानला सोडले होते. येताना त्याच टोपल्यात पेरू आणले. इंदू तेव्हा बायजाच्या पोटात होती. दुसऱ्या सकाळी आंघोळ करून बाप रिकाम्या कोपऱ्यासमोर उभा राहिला, आणि हात आपोआप जुळले. बळीराम पाहतच होता. बाप ओशाळला नाही. म्हणाला, "हाताले अजून खबर नाही लागली," आणि त्याच हातानं पेरू उचलून खाल्ला.

बळीरामनं एकेक बोट सोडवलं. फळी गेली.

खोली अर्धी रिकामी झाली होती. खाट आली, तिरपी, तीन पाय जमिनीवर आणि चौथा उरलेल्या फळ्यांवर टेकून. बायजानं ती हलवून पाहिली.

"पोरगी निजंन," ती म्हणाली. "लेकरू कुठं निजवाचं?"

"लेकरू काय आजच येऊन राहिलं?"

तिचा चेहरा आता सकाळचा नव्हता. ती शेण आणायला गेली. बळीराम मोकळ्या जमिनीवर बसला. सारवण उलून पापड झालं होतं. इतक्या वर्षांत ही जमीन त्याला दिसलीच नव्हती. त्यानं तळवा टेकला, गार लागलं. उरलेला ढीग समोर होता, आणि आपण त्यातलं काय उचलून फेकू किंवा रात्री काय परत आणू, याचा त्याला अजिबात भरवसा नव्हता. भीती होती तशीच होती... पण ती आता एका कोपऱ्यात बसली होती, आणि बाकी जागेत तो पाय पसरून पाहत होता, मावतात का.